चौकटीतून काढलेली ओळ

अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या एडिसनच्या किराणा दुकानात अजूनही कुणीतरी माझी ओळख करून देतं, "या शैलाताई. न्यूज चॅनेलवर असायच्या." समोरची बाई माझा चेहरा निरखून बघते, आठवत नाही म्हणून ओशाळते. तिला आठवणार तरी कसं? मी पडद्यावर कधी आलेच नाही. मी पडद्याच्या खालच्या पट्टीत होते. तावातावाने बोलणाऱ्या माणसाच्या छातीखाली त्याचं नाव आणि हुद्दा येतो ना, तो लिहायचं काम माझं. निवडणुकीच्या दिवसांत अख्खा पडदा व्यापून आकडे, खांब, फोटो येतात, तेही माझं. पट्टीला पट्टी म्हणायचं आणि पूर्ण पडद्याच्या चित्राला चौकट. म्हणजे मी घरी तसं म्हणायची, ऑफिसात त्यांचे इंग्रजी शब्द होते.

एकोणीस वर्षं हे काम केलं. मूळची मी नागपूरची, कमर्शियल आर्ट शिकलेली. नवऱ्याच्या नोकरीपायी न्यू जर्सीतल्याच वेस्ट विंडसरला आले, आधी एका छापखान्यात दुकानांचे बोर्ड आणि लग्नपत्रिका केल्या आणि तिथून न्यूयॉर्कच्या या चॅनेलमध्ये चिकटले. चॅनेलचं नाव लिहीत नाही. लिहून फायदा नाही, आणि तिथली बरीच माणसं अजून नोकरीत आहेत. आमचं बोलणं अर्थातच इंग्रजीत चालायचं, इथे ते मी माझ्या मराठीत देते आहे.

या कामात घाई फार. पाहुणा खुर्चीत बसला की चाळीस सेकंदांत त्याचं नाव खाली गेलं पाहिजे, आणि ते बरोबर गेलं पाहिजे. एकोणीस वर्षांत एकाच माणसाच्या नावात माझ्याकडून एक अक्षर गळलं. ते नेमके न्यायाधीश निघाले. त्यांनी स्वतः फोन करून मला माझी चूक सावकाश, अक्षरं सुटी करून ऐकवली. त्यानंतर मी प्रत्येक नाव उलटीकडूनही वाचायला लागले. उलटं वाचलं की डोळा फसत नाही. माझी ही सवय बघून नंतर डेस्कवरचे बाकीचे तिघंही तसंच करू लागले, याचा मला अभिमान आहे. एवढा एकच अभिमान आता उरलाय, म्हणून तो आधीच सांगून टाकला.

लोकांना वाटतं, चॅनेल पक्षपात करतं म्हणजे वर कुणीतरी बसून हुकूम सोडतं. मला एकोणीस वर्षांत असा हुकूम एकदाही मिळाला नाही. मिळाला असता तर मी बहुतेक भांडले असते. जे मिळायचं ते फार साधं असायचं. "शेला, तो दुसरा फोटो घे." बस, एवढंच. (शैलाचं तिथे शेला झालं होतं.)

ज्या वर्षाबद्दल लिहितेय त्या वर्षी एका पक्षाची अध्यक्षपदाची उमेदवारी दोघांत अडली होती. एक होते गव्हर्नर. मोठ्या राज्याचे, पक्षातल्या सगळ्या वजनदार लोकांचे लाडके, आमच्या स्टुडिओत वर्षानुवर्षं येणारे, मेकअप करणाऱ्या मुलीला नावानं हाक मारणारे. दुसऱ्या होत्या एक खेडेगावातल्या डॉक्टर, अलीकडेच काँग्रेसवर, म्हणजे इथल्या संसदेवर, निवडून आलेल्या. मैदानी राज्यातल्या, आवाज जरा चढा, कपडे दुकानातून तसेच उचलून आणल्यासारखे. मी मनात त्यांना डॉक्टरबाई म्हणायची, इथेही तेच म्हणते.

गव्हर्नरांचा फोटो माझ्या संगणकात ठरलेला होता. बाजूनं ऊन, ओठांवर अर्धं हसू. डॉक्टरबाईंचे तीस-चाळीस फोटो होते. त्यांतला एक दवाखान्याच्या पायरीवर बसलेला, शांत, फार सुंदर. मी पहिल्यांदा तोच लावला. आमचा प्रोड्यूसर ग्रेग मागे येऊन उभा राहिला. पन्नाशीचा, मृदू बोलणारा, वाढदिवस लक्षात ठेवणारा माणूस. म्हणाला, "हा फारच झोपाळू आहे. काहीतरी एनर्जी असलेला घे." मग मी भाषणातला घेतला. तोंड उघडं, बोट वर, मानेच्या शिरा ताणलेल्या. त्यानंतर पाच महिने डॉक्टरबाई आमच्या पडद्यावर फक्त ओरडत होत्या. गव्हर्नर हसत होते.

यात खोटं काय? काहीच नाही. दोन्ही फोटो खरे होते.

या काळात माझा एक प्रेक्षक होता, मिस्टर डोबेक. नेब्रास्कात राहणारे, जमीन मोजणीच्या खात्यातून निवृत्त झालेले. प्रेक्षकांच्या तक्रारींचा फोन खरं तर दुसऱ्या मजल्यावर वाजायचा, पण तिथल्या मुली त्यांना कंटाळल्या आणि एक दिवस त्यांनी तो फोन माझ्याकडे वळवला.

"खांब तुम्ही काढता का?" पलीकडून खरखरीत आवाज आला.

"हो."

"मी आत्ता मोजपट्टी लावून मोजले. माझ्या टीव्हीवर गव्हर्नरांचा खांब साडेसहा इंच आहे आणि बाईंचा सव्वातीन. वर लिहिलेल्या आकड्यांत फरक जेमतेम चार टक्क्यांचा. चार टक्क्यांत माणूस दुप्पट उंच कसा होतो?"

त्यांचं बरोबर होतं. यात आमची एक युक्ती असते. खांब शून्यापासून उभे केले तर सगळे सारखेच दिसतात, बघणाऱ्याला मजा येत नाही. म्हणून खांबांचा खालचा भाग कापायचा आणि फक्त शेंडे दाखवायचे. शेंड्याशेंड्यांत फरक मोठा दिसतो. मी त्यांना हे सांगितलं.

"म्हणजे घरं दाखवताना तुम्ही फक्त कौलं दाखवता," ते म्हणाले.

"तसंच काहीसं."

"आणि हे तुम्हाला योग्य वाटतं?"

मी म्हटलं, सगळीच चॅनेलं असं करतात. ते म्हणाले, "मी ते नाही विचारलं." मग त्यांनी माझं नाव विचारलं, नीट लिहून घेतलं, स्पेलिंग वाचून दाखवलं आणि फोन ठेवला. पुढे दर आठवड्याला त्यांचा फोन यायचा. एकदा आम्ही तेव्हा शर्यतीत असलेल्या चौघा उमेदवारांपैकी तिघांचे आकडे दाखवले. पहिले, तिसरे आणि चौथे. दुसऱ्या क्रमांकाच्या डॉक्टरबाई गायब. चर्चा गव्हर्नर आणि एका महापौरांवर होती म्हणून ग्रेगनं त्यांना वगळायला सांगितलं होतं. डोबेक म्हणाले, "शैला, एक, तीन, चार असं मोजायला तुमच्याकडे शाळेत शिकवायचे का?" मी हसले. तेही हसले. मला त्यांचे फोन आवडायला लागले होते. घरून मोजपट्टी घेऊन माझं काम तपासणारा दुसरा कुणी मला आयुष्यात भेटला नाही.

मी त्यांची तक्रार दर वेळी ग्रेगच्या कानावर घालायची. तो म्हणायचा, "गोड म्हातारा आहे." खांब मात्र तसेच कापलेले राहिले. मीच कापत होते.

आता ही उमेदवारी ठरते कशी, ते थोडक्यात सांगायला हवं. एकेका राज्यात पक्षाचे मतदार मत देतात, त्यावरून त्या राज्याचे प्रतिनिधी कुणाच्या वाट्याला किती, ते ठरतं. शेवटी उन्हाळ्यात पक्षाचं अधिवेशन भरतं, तिथे ज्याच्याकडे निम्म्याहून जास्त प्रतिनिधी तो उमेदवार. पण त्या पक्षात याखेरीज काही बडे लोक होते, माजी मंत्री, खासदार, पदाधिकारी, ज्यांना लोकांनी या कामासाठी निवडलेलं नव्हतं आणि तरी अधिवेशनात मत होतं. ते कुणाला मत देणार हे त्यांनी फोनवर सांगितलेलं असायचं. सांगितलेलंच फक्त. अधिवेशनाच्या दिवसापर्यंत ते बदलायला मोकळे होते.

आमच्या चौकटीत पहिल्या राज्यात मतदान व्हायच्या आधीपासून या बड्या लोकांचे आकडे गव्हर्नरांच्या खांबात मिसळलेले होते. शर्यत सुरू झाली तेव्हाच गव्हर्नर अर्ध्या मैदानात उभे दिसत होते. डॉक्टरबाईंनी एकामागून एक चार राज्यं जिंकली त्या आठवड्यातही आमच्या पडद्यावर त्यांचा खांब गव्हर्नरांच्या गुडघ्याला लागत नव्हता. माझी मुलगी रेवा चिडून म्हणायची, "आई, हे जिंकूनसुद्धा हरल्यासारखं का दिसतं?"

रेवा इथेच जन्मलेली. हायस्कूलमध्ये बायोलॉजी शिकवते, एडिसनजवळ राहते. डॉक्टरबाईंसाठी ती त्या वसंतात घरोघर फिरत होती. मी तिला खांबांची भानगड समजावून सांगितली तेव्हा ती म्हणाली, "सो जस्ट टेल पीपल. खाली लिही ना तसं."

आणि मी लिहिलं होतं. तेच सांगायचंय.

आमच्या कामात चौकटी आधीच करून ठेवतात. जिंकला तर ही, हरला तर ती. गव्हर्नरांचा आकडा निम्म्यावर गेला की दाखवायची चौकट मी तीन आठवडे आधी केली. वर उन्हातला फोटो, मध्ये मोठ्या अक्षरांत 'उमेदवारी निश्चित', आणि सगळ्यांत खाली बारीक पण वाचता येईल अशी एक ओळ : 'या आकड्यात पक्षनेत्यांनी फोनवर कळवलेली मतं धरली आहेत. ती अधिवेशनापर्यंत बदलू शकतात.' ती ओळ मला कुणी सांगितली नव्हती. माझी मीच घातली.

न्यू जर्सीचा नंबर फार उशिरा लागतो. जूनमध्ये, शेवटच्या राज्यांबरोबर. बहुतेक वेळा तोवर सगळं उरकलेलं असतं, म्हणून आमच्या मतांना कुणी विचारत नाही. त्या वर्षी मात्र उरकलं नव्हतं. मंगळवारी आमच्याकडे आणि आणखी काही राज्यांत मतदान होतं. सोमवारी दुपारी दोन वाजता ग्रेग माझ्या टेबलाशी आला. कान लाल झालेले.

"चौकट काढ. गव्हर्नर पोचले."

"कसे? आज तर कुठेच मतदान नाही."

"आपल्या लोकांनी उरलेल्या नेत्यांना सकाळपासून फोन लावले. पुरेसे जण हो म्हणाले. आकडा झाला."

मी चौकट उघडली. त्यानं वाकून पाहिलं आणि खालच्या ओळीवर बोट ठेवलं. "ही काढ."

"का?"

"बघणारा गोंधळेल."

"ग्रेग, उद्या मतदान आहे. माझ्या राज्यात आहे."

"म्हणूनच. उद्या सगळेच सांगतील. आज आपण पहिले."

"ओळ ठेवली तर बातमी खरी राहते."

त्यानं माझ्याकडे बघितलं. रागानं नाही, थकल्यासारखं. "ओळ ठेवली तर ती बातमीच राहत नाही, शेला."

इतकं स्पष्ट तो माझ्याशी त्याआधी कधी बोलला नव्हता. मी काय केलं? ओळ निवडली, पुसली, सेव्ह केलं. मग सवयीनं गव्हर्नरांचं नाव उलटीकडून वाचून पाहिलं. दोन वाजून वीस मिनिटांनी चौकट पडद्यावर गेली. कंट्रोल रूममध्ये टाळ्या वाजल्या, कारण आम्ही खरोखरच सगळ्यांच्या आधी होतो. तासाभरात बाकीची चॅनेलं आणि वर्तमानपत्रं तेच सांगू लागली. दिवसभर ते दोन शब्द देशभर फिरले.

दुसऱ्या दिवशी काय झालं ते मला रेवाकडून कळलं. तिनं सुट्टी घेतली होती. गाडी चालवू न शकणाऱ्या चौदा म्हाताऱ्या माणसांना मतदानाला न्यायचं तिनं ठरवलं होतं, त्यांतली निम्मी आपली मराठी. पहिल्या होत्या इंदूमावशी. त्या एडिसनमध्ये मुलाकडे राहायच्या. अमरावतीच्या निवृत्त शिक्षिका, एकोणऐंशीव्या वर्षी नागरिकत्वाची परीक्षा दिलेल्या, सगळ्या प्रश्नांची उत्तरं बरोबर देऊन आलेल्या. अमेरिकेतलं त्यांचं पहिलं मत होतं. त्यांचे यजमान तालुक्याच्या गावी डॉक्टर होते, म्हणून डॉक्टरबाईंवर त्यांचा जीव. मतपत्रिकेचा नमुना मागवून त्यांनी महिनाभर त्यावर पेन्सिलीनं सराव केला होता.

रेवा दहा वाजता पोचली तेव्हा त्या गाऊनवरच टीव्हीसमोर बसल्या होत्या. इस्त्री केलेली साडी खुर्चीवर तशीच.

"इंदूआजी, रेडी नाही झालात?"

"अगं, आता कशाला? झालं की सगळं."

"काहीच नाही झालं. व्होटिंग आज आहे."

"काल दाखवलं ना. उमेदवारी निश्चित म्हणून. सकाळपासून तेच चाललंय. गुडघे दुखतायत बाई माझे, उगीच तेवढे जिने चढायचे."

"आजी, ते खरं नाहीये. इट्स नॉट ओव्हर. ते फोनवर विचारून काढलेले आकडे आहेत."

इंदूमावशी हसल्या. "तुझ्या आईच्या चॅनेलवर दाखवलंय गं. शैला लिहिते ना ते? ती काय चुकीचं लिहील?"

चौदांपैकी पाच जण रेवाच्या गाडीत बसले. बाकीच्यांनी चहा दिला. इंदूमावशी पुढच्या निवडणुकीपर्यंत राहिल्या नाहीत. त्यांनी अमेरिकेत मत दिलंच नाही.

न्यू जर्सीत डॉक्टरबाई हरल्या. चांगल्याच फरकानं हरल्या. ती चौकट आली नसती तरी त्या हरल्या असत्या, असं मला आजही वाटतं. मी त्या आकड्यांकडे आयुष्यभर बघत आलेय, उगाच खोटी आशा लावणार नाही. पण त्यांना हरवायचं काम लोकांना करू द्यायचं होतं ना. ते आम्ही आदल्या दुपारीच परस्पर उरकलं.

गव्हर्नर उमेदवार झाले. अधिवेशनाच्या थोडंसं आधी एका वर्तमानपत्रानं काही संदेश छापले. पक्षाच्या कार्यालयातल्या एका बड्या अधिकाऱ्यानं त्या सोमवारी सकाळी ग्रेगला उरलेल्या नेत्यांचे नंबर पाठवले होते आणि खाली लिहिलं होतं, उद्यापर्यंत थांबू नका. ग्रेगनं उत्तरात होकाराचा अंगठा पाठवला होता.

मग आमच्या इमारतीबाहेर निदर्शनं सुरू झाली. लोकांच्या हातातल्या फलकांवर माझी चौकट मोठी करून छापलेली. तिच्याखाली लाल रंगात 'कुणी निश्चित केली?' पहिल्या दिवशी माझ्या मनात काय आलं असेल? एवढी मोठी करूनही अक्षरं किती सुबक दिसतात, हेच. रस्ता ओलांडताना एका बाईनं माझ्या हातात पत्रक दिलं आणि विचारलं, "तुम्ही इथे काम करता का?" माझं ओळखपत्र पर्समध्ये होतं. मी म्हटलं, "नाही." आणि कोपऱ्यावरच्या कॉफीच्या दुकानात जाऊन गर्दी पांगेपर्यंत बसून राहिले.

आठवडाभरानं चॅनेलनं दिलगिरी व्यक्त करायचं ठरवलं. मजकूर वरून आला, पट्टी मी करायची होती. ग्रेगनं कागद माझ्यासमोर ठेवला. 'ग्राफिक्स विभागाच्या नजरचुकीने सदर चौकटीतील खुलाशाची ओळ राहून गेली. प्रेक्षकांची गैरसोय झाल्याबद्दल खेद आहे.'

मी दोनदा वाचला. "नजरचूक?"

"कुणाचंच नाव नाहीये त्यात," ग्रेग म्हणाला. "फक्त विभाग म्हटलंय."

"विभागात आम्ही चौघं आहोत."

"कुणाला काही होणार नाही. शब्द देतो."

"माझ्याकडे फाइलच्या दोन्ही आवृत्त्या आहेत, ग्रेग. ओळ असलेली आणि नसलेली. वेळेसकट."

तो खुर्ची ओढून माझ्याजवळ बसला, आणि अगदी मायेनं म्हणाला, "तुझी निवृत्ती दोन वर्षांवर आलीय ना? शांतपणे जावं माणसानं."

ही धमकी होती की काळजी, हे मला तेव्हाही कळलं नाही आणि आजही नाही. त्याला स्वतःलाही माहीत नसावं. मी पट्टी टाइप केली. स्पेलिंग तपासलं. उलटीकडून वाचलं. एक स्वल्पविराम चुकीच्या जागी होता, तो दुरुस्त केला. दुपारी चारला, टीव्ही कुणी बघत नाही त्या वेळी, ती पट्टी अकरा सेकंद दिसली. माझ्या हातानं, माझ्या अक्षरात, माझी नसलेली चूक मी कबूल केली आणि माझी असलेली झाकली.

अर्ध्या तासात फोन वाजला. डोबेक.

"नजरचूक म्हणता तुम्ही," ते म्हणाले. "मी ती चौकट रेकॉर्ड केली होती. आज परत लावून मोजली. तुमच्या बाकीच्या चौकटींत शेवटच्या अक्षरांखाली अर्धा इंच जागा असते. हिच्यात दीड इंच आहे. तिथे एक ओळ होती. विसरलेल्या ओळीला कुणी जागा सोडत नाही. ती कुणीतरी काढली."

मी फोन दुसऱ्या कानाला घेतला.

"तुम्ही का, शैला?"

"हो."

पलीकडे कुठेतरी कुत्रं भुंकत होतं. "खरं सांगितलंत, आभारी आहे," ते म्हणाले. त्यानंतर त्यांचा फोन आला नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या मुलींना मी दोनदा विचारलं. तिथेही आला नव्हता. दोन्ही आवृत्त्यांच्या फाइली मी कुणाला दिल्या नाहीत. नोव्हेंबरात गव्हर्नर हरले. ग्रेगला बढती मिळाली. मी दोन वर्षांनी शांतपणे निवृत्त झाले, केक कापला, त्यावर माझ्या नावाचं स्पेलिंग चुकलेलं होतं.

खरं तर इथेच थांबणार होते. या अंकाच्या संपादकांनी अनुभव मागितला, तो देऊन झाला. पण दोषाचा एक भाग ग्रेगच्या माथी, एक पक्षाच्या, एक चॅनेलच्या असा वाटून मी मोकळी होतेय, असं हा लेख परत वाचताना मला वाटलं. म्हणून उरलेलं लिहिते.

दिलगिरीची पट्टी लागली त्या शनिवारी रेवा घरी आली. स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसली आणि सरळ विचारलं, "आई, ती ओळ तू काढलीस?"

"हो."

"ओके." तिनं मान हलवली. मला वाटलं ती रडेल किंवा ओरडेल. तिनं दोन्ही केलं नाही. म्हणाली, "त्याचा राग येऊन गेला मला. तुला काढायला लावली, आय गेट इट. दुसरं विचारायचंय. मतदानाच्या दिवशी संध्याकाळी मी तुला फोन केला होता, आठवतं? व्होट केलंस का म्हणून विचारलं. तू हो म्हणालीस."

मी टेबल पुसायला घेतलं.

"आम्हाला संध्याकाळी लिस्ट येते. कुणी मत दिलं, कुणी नाही. ज्यांनी नाही दिलं त्यांना फोन करायचे असतात. म्हणून तर मी तुला केला होता. तुझ्या नावापुढे खूण नव्हती, आई."

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"आय वॉन्टेड यू टू टेल मी."

मी तिला म्हटलं, उशीर झाला होता, ट्रेन चुकली. तिनं उठून कप धुतला आणि ती गेली. आमचं बोलणं चालू आहे, ती दर रविवारी येते, पण राजकारणावर ती माझ्याशी त्यानंतर एक शब्द बोललेली नाही.

ट्रेन चुकली नव्हती. सात वाजता मी प्रिन्स्टन जंक्शनला उतरले होते. आमचं मतदान केंद्र घराच्या वाटेवरच्या शाळेत असतं, आठपर्यंत उघडं. पार्किंग जवळजवळ रिकामं होतं, आणि बाहेर अजून चांगलं ऊन होतं. मी दारापाशी गाडी हळू केली. उघड्या दारातून आत टेबलामागे बसलेल्या दोन बायका दिसल्या, नावं शोधायच्या वहीवर हात ठेवून रिकाम्या बसलेल्या. त्यांतली एक माझ्याकडे बघून हसली. मला डॉक्टरबाईंना मत द्यायचं होतं. त्या चौकटीत काय खरं नाही, हे त्या इमारतीत, त्या रस्त्यावर, बहुतेक त्या गावातही माझ्याइतकं नेमकं कुणाला माहीत नव्हतं. आणि माझ्या मनात आलं, आता कशाला, झालं की सगळं. मी गाडी घरी नेली.